बोटाचा ठसा उठला नाही तर परदेशातून परत धाडतात का?

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, रेल्वेचं तिकीट, पासपोर्टची अपॉइंटमेंट, असली कामं दिवसभर चालू असतात. भातकापणी आटपली त्या आठवड्यात आमच्या वाडीतली एक काकी आली. लेक जर्मनीत, तिला सातवा लागलेला, बाळंतपणाला आई हवी. व्हिसाचा फॉर्म भरता भरता मी म्हटलं, काकी, बोटांचे ठसे द्यायला एकदा मुंबईला जावं लागेल. काकी गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "रेशनवर माझो अंगठो उठना नाय. थंय काय उठतलो? माका परत धाडतले काय रे?"

काकीने सव्वीस वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडली आहे. मी टेबलावरचं स्टॅम्प पॅड उघडलं आणि कोऱ्या कागदावर तिची दहाही बोटं एकेक करून टेकवून घेतली. दोन्ही करंगळ्या आणि अनामिका स्वच्छ उमटल्या, अगदी रेघन् रेघ. मधली बोटं अर्धीमुर्धी आली. उजव्या अंगठ्याचा आणि त्याच्या शेजारच्या बोटाचा मात्र नुसता निळा डाग पडला. मध्ये काही नाही, फक्त कडेला चार-पाच तुटक रेघा. काजूचं टरफल ज्या दोन बोटांच्या चिमटीत धरायचं, नेमकी तीच दोन बोटं पुसली गेली होती.

ही भीती माझ्या दुकानात वरचेवर येते. कधी चिरेखाणीवर काम केलेला माणूस घेऊन येतो, कधी बर्फातली मासळी निवडणारी बाई, कधी सुपारी सोलणारी आजी. मुलं शिकून परदेशी गेली, आता आईबाप जाऊ लागले. आणि ज्या हातांनी मुलांना शिकवलं त्या हातांवरच रेघा उरल्या नाहीत. म्हणून परदेशाच्या दारात नक्की काय तपासतात, ते मला समजलंय तसं नीट सांगतो.

आधी बोटाचं. बोटाच्या टोकावर बारीक वरंबे असतात आणि दोन वरंब्यांमध्ये सरी. हे आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्माच्या बरेच आधी पक्के होतात. जुळ्या भावंडांचेही सारखे नसतात. तपासणीच्या काचेवर बोट टेकवलं की खालून प्रकाश पडतो. वरंबा काचेला चिकटतो तिथे काळी रेघ दिसते, सरीत हवा राहते तिथे उजळ. यंत्र चित्र म्हणून बोट बघत नाही. रेघ कुठे संपली, कुठे एकीच्या दोन झाल्या, असे बारीक खुणेचे बिंदू ते टिपतं आणि त्यांच्या जागा आकड्यांत मांडतं. पुढच्या वेळी बोट टेकवलं की हेच आकडे मागच्या आकड्यांशी पडताळून बघतं.

आता काकीच्या अंगठ्याकडे या. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो, आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतो, त्यातलाच हा प्रकार. रोज तेल लागून वरची कातडी सोलत जाते आणि वरंबे सपाट होतात. पण ठशाची मूळ नक्षी कातडीच्या खालच्या थरात असते. काम थांबवलं की काही आठवड्यांत पुष्कळदा रेघा परत वर येतात. वय झालं असेल, कातडी कोरडी आणि पातळ झाली असेल, तर पूर्ण येत नाहीत. कोरड्या बोटाचे वरंबे काचेला नीट टेकतच नाहीत, त्यामुळे ठसा फिका येतो. घामेजलेल्या बोटाच्या रेघा एकमेकींत मिसळतात.

म्हणून मुंबईची तारीख ठरली की मी लोकांना सांगतो, निदान तीन-चार आठवडे आधी काजू, चुना, सिमेंट, मासळी यांना हात लावू नका. रोज रात्री झोपताना खोबरेल चोळा. जायच्या दिवशी मात्र तेल नको, साबणाने हात धुऊन कोरडे करा. जवळ लग्न असलं तरी बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका. बोट कापलेलं असेल तर जखम भरल्यावरची तारीख घ्या.

अंगठ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याकडे "अंगठेबहाद्दर" हा शब्द निरक्षर माणसासाठी वापरतात. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमिनी गेलेली घरं कोकणात थोडी नाहीत. ठसा देताना जुन्या माणसांचा हात कचरतो त्यामागे ही आठवणही असावी असं मला वाटतं. पण ठशावरून माणूस ओळखायची सरकारी पद्धत सुरू झाली ती आपल्याच देशात. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा ठेका देताना कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं स्वतंत्र कार्यालय निघालं. हजारो ठसे वर्गवार लावायची रीत तिथे बसली. ती हेन्री या अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, पण त्यामागचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचं होतं. आज कुठल्याही विमानतळावर पदवीधर, डॉक्टर, उद्योगपती सगळेच काचेवर बोटं ठेवतात. त्यात कमीपणा काहीच नाही.

यंत्र "जुळत नाही" म्हणतं तेव्हा नेमकं काय म्हणतं, हे फार कमी लोकांना कोणी समजावून सांगितलेलं असतं. समजा एप्रिलमध्ये हापूसच्या ढिगातून देवगडचा आणि बाहेरचा आंबा वेगळा करायचाय. जाणता व्यापारी साल बघतो, वास घेतो, देठ बघतो आणि मनात गुण देतो. तो फार कडक झाला तर देवगडचाच एखादा वेडावाकडा आंबा बाहेर टाकतो. सैल झाला तर बाहेरचा आंबा पेटीत शिरतो. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. यंत्रही असंच गुण देतं. आजच्या ठशाला मागच्या ठशाशी इतके गुण, आणि पास व्हायला इतके लागतात. ही पासची रेघ कुठे मारायची ते माणसं ठरवतात. सीमेवर ती कडक असते, म्हणून खऱ्या माणसालाही अधूनमधून "नाही" ऐकावं लागतं. काकीचा अंगठा नापास झाला याचा अर्थ गुण कमी पडले एवढाच. काकी खोटी ठरत नाही. म्हणूनच यंत्राच्या बाजूला काउंटरवर माणूस बसवलेला असतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला "तू म्हणतोस तो तूच का" एवढंच विचारणं सोपं असतं. आंगणेवाडीच्या जत्रेतल्या गर्दीत एक चेहरा हुडकणं फार कठीण. सीमेवर दोन्ही कामं चालतात. पहिल्यात तुमचा चेहरा तुमच्याच पासपोर्टशी किंवा व्हिसाच्या नोंदीशी लावून बघतात. दुसऱ्यात बंदी घातलेल्या किंवा हाकलून दिलेल्या लोकांच्या यादीशी. यादी जितकी मोठी, तितकी योगायोगाने कुणाशी तरी थोडंफार जुळण्याची शक्यता जास्त. कधी कुणाला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारतात, त्यामागे हेही कारण असू शकतं. घाबरून जाऊ नका, विचारतील तेवढंच सरळ सांगा.

रेशनच्या यंत्राचा आणि परदेशाचा काडीचाही संबंध नाही, हे मी काकीला तीनदा सांगितलं. रेशन दुकानात तुमचं बोट आधारच्या नोंदीशी ताडतात. जर्मनी, अमेरिका किंवा दुबई आधार बघत नाही. तिथे तुम्ही त्यांच्यासाठी जो ठसा दिला असेल त्याच्याशीच पडताळतात. शिवाय रेशनचं यंत्र एका बोटापुरतं, हातात मावेल एवढं असतं. व्हिसा केंद्रातली आणि सीमेवरची काच मोठी, चार बोटं एकदम सपाट ठेवायची असते. एक बोट हुकलं तरी बाकीची असतात.

काकीच्या बाबतीत काय होणार? भारतीय माणसाला युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे जर्मनीसारख्या एकच व्हिसा चालणाऱ्या देशांत, जायला व्हिसा लागतो. २ नोव्हेंबर २०१५ पासून आपल्याकडच्या अर्जदारांचे दहा बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतात. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे द्यावे लागत नाहीत. आणि काकीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. ज्याचे ठसे शारीरिक कारणाने मिळूच शकत नाहीत त्याला सूट. काहीच बोटं मिळत असतील तर मिळतील तितकी घ्यायची. अडचण तात्पुरती असेल तर ठसे पुढच्या अर्जाच्या वेळी घ्यायचे. हे सगळं करताना अर्जदाराचा मान राखला जाईल अशी व्यवस्था देशांनी ठेवावी, असंही त्यात म्हटलेलं आहे. हे वाचून दाखवलं तेव्हा काकीने पदराने डोळे पुसले. रेशनच्या रांगेत मागून ऐकलेले टोमणे तिला आठवले असणार.

दुसरा टप्पा विमानतळावर. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातल्या २९ देशांनी थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परदेशी लोकांची नवी नोंद पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. पासपोर्टवर शिक्का मारायचा तो बंद होऊन त्या जागी चेहऱ्याचा फोटो, ठसे आणि येण्याजाण्याची तारीख संगणकात जाते. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांचे चार बोटांचे ठसे तिथेच घेतात. काकीसारख्या व्हिसावाल्यांचे ठसे आधीच त्यांच्याकडे असल्यामुळे ते फक्त पडताळतात आणि चेहऱ्याचा फोटो नव्याने घेतात. काहीही द्यायला साफ नकार दिला तर मात्र आत सोडत नाहीत. देता न येणं वेगळं आणि नाकारणं वेगळं.

अमेरिकेने हे सगळं फार आधी सुरू केलं. ५ जानेवारी २००४ पासून विमानतळांवर, पहिल्यांदा फक्त दोन तर्जन्या, मग दहाही बोटं. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने तिथे येताना आणि जातानाही परदेशी माणसाचा फोटो घेता येतो, आणि फोटोपुरती १४ वर्षांखालच्या व ७९ वर्षांवरच्यांना असलेली सूट गेली. म्हणजे नातवाला भेटायला निघालेल्या ऐंशीच्या आजोबांनीही कॅमेऱ्यासमोर उभं राहायची तयारी ठेवावी. कॅनडात १४ ते ७९ वयाच्या लोकांचे ठसे व्हिसाच्या वेळी घेतात आणि ते दहा वर्षं चालतात. जपान २० नोव्हेंबर २००७ पासून सोळा वर्षांवरच्या बहुतेक परदेशी लोकांच्या दोन तर्जन्या आणि फोटो घेतो.

आखाताची तऱ्हा वेगळी, आणि कोकणासाठी ती जास्त महत्त्वाची. चिपळूण, दापोली, राजापूर, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातात माणूस नाही अशी गावं शोधावी लागतील. तिथे डोळा बघतात. डोळ्यातल्या बाहुलीभोवती जो रंगीत गोल पडदा असतो त्यावर तंतूंची बारीक नक्षी असते, ती प्रत्येकाची निराळी, आणि माणसाच्या दोन डोळ्यांचीही निराळी. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी ही नक्षी आकड्यांत मांडायची रीत शोधली. संयुक्त अरब अमिरातीने २००१ पासून ती हाकलून दिलेल्या लोकांना ओळखायला वापरली. नाव बदलून, नवा पासपोर्ट काढून परत येणारे पुष्कळ होते. नाव बदलता येतं, डोळा बदलता येत नाही. त्यावरही काहींनी शक्कल काढली. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यात घालून ते काउंटरवर आले. बाहुली पसरली की भोवतीचा पडदा आकसतो आणि नक्षी वाचता येत नाही. मग यंत्रालाच बाहुलीचा आकार तपासायला शिकवलं.

डोळे तपासताना डॉक्टरही असेच थेंब घालतात, आणि काही थेंबांचा परिणाम बरेच दिवस टिकतो. जायच्या आधल्या दिवशी डोळे तपासून घेऊ नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आतलं भिंग बदलतात, पुढच्या पडद्याची नक्षी सहसा तशीच राहते. तरी ऑपरेशनचा कागद जवळ असू द्या. कुवेतने तर तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांनाही बायोमेट्रिक नोंद, म्हणजे ठसे-चेहरा अशा शरीराच्या खुणांची नोंद, सक्तीची करून ३१ डिसेंबर २०२४ ही मुदत दिली. ज्यांनी केली नाही त्यांचे सरकारी आणि बँकेचे व्यवहार अडकले. सुट्टीवर गावी आलेली बरीच मुलं तेव्हा माझ्याकडे हेच विचारायला येत होती.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी वेगळं ओळखपत्र आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००३ च्या १८५ क्रमांकाच्या करारात खलाशांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्र ठरलं. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये चेहऱ्याच्या नोंदीवर चालणारं ओळखपत्र द्यायला सुरुवात केली. असं ओळखपत्र देणारा भारत जगात पहिला. मूळ करारात बोटांचे ठसे होते, पुढे तो बदलून चेहरा घेतला. दोरखंड, रंग, ग्रीस आणि खारं पाणी यांत आयुष्य काढणाऱ्या माणसासाठी हा बदल योग्यच झाला असं माझं मत आहे. आणि आपल्या मच्छीमारांना या सगळ्याचं नवल नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं द्यायची योजना आली तेव्हाच त्यांनी काचेवर बोटं ठेवली होती.

आपणही बाहेरून येणाऱ्यांना हेच विचारतो. गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर उतरून रेडी-शिरोड्याला येणारा गोरा पाहुणा असो की परदेशी पासपोर्टवर व्हिसा काढून गणपतीला घरी येणारा आपलाच चुलतभाऊ असो, इमिग्रेशनच्या काउंटरवर त्याचे ठसे आणि फोटो घेतले जाऊ शकतात. परदेशी लोकांविषयीचे चार जुने कायदे रद्द करून नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणि ओसीआय कार्डवाल्यांनी (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनी) आधीच ठसे आणि फोटो देऊन ठेवले तर काही मोठ्या विमानतळांवर त्यांच्यासाठी स्वयंचलित गेट आहे. जून २०२४ मध्ये ते दिल्लीत सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत. ते ऐच्छिक आहे. वर्षातून चार-पाच वेळा जाणाऱ्याने घ्यावं, काकीला त्याची गरज नाही.

मला स्वतःला खरी काळजी दिलेल्या माहितीची वाटते. एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो, बोट आणि डोळा जन्मभर तोच. युरोपात येण्याजाण्याची नोंद तीन वर्षं ठेवतात, आणि ज्याची मुदतीत बाहेर पडल्याची नोंद नाही त्याची पाच वर्षं. अमेरिका परदेशी माणसाची बायोमेट्रिक नोंद ७५ वर्षांपर्यंत ठेवते. काकीचा नातू म्हातारा होईपर्यंत. युरोपात आपली नोंद काय आहे ते मागून बघण्याचा आणि चूक असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे. तो वापरायची वेळ येऊ शकते. म्हणून तिकिटं, बोर्डिंग पास फेकू नका. संगणकात चुकीची तारीख पडली तर तुमच्या हातात तोच पुरावा.

काकी मुंबईला जाऊन आली. बी फोडायचं काम तिने महिनाभर बंद ठेवलं होतं. चार बोटांची काच तीन वेळा पुसून ठसे घेतले, आणि उजव्या अंगठ्यापुढे मिळाला नाही अशी नोंद झाली. बाकीची नऊ आली. व्हिसाही आला. इथल्या डॉक्टरांकडून एक कागद घेऊन मी तिच्या पासपोर्टच्या पिशवीत ठेवलाय. कामामुळे बोटांच्या रेघा झिजल्या आहेत, एवढंच त्यात इंग्रजीत लिहिलंय. असा कागद सक्तीचा नाही, पण भाषा येत नसली की तो बोलतो.

उरला मुक्कामाचा हिशेब. बाळंतपणाला गेलेली आई "चार महिने राहीन" असं सहज म्हणते. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. उतरल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. पूर्वी शिक्के मोजताना अधिकाऱ्याची नजर चुकायची, आता मोजणी संगणक करतो आणि एक दिवस वाढला तरी दिसतो. १ जानेवारीला उतरलात तर ३१ मार्च हा नव्वदावा दिवस. त्यानंतर परत जायचं तर व्हिसा अनेक वेळा ये-जा करायचा हवा, आणि तरी ३० जूनच्या आधी पाऊल टाकता येत नाही. व्हिसावर दिवस कमी लिहिले असतील तर तेवढेच. काकीचं जाणं १ जानेवारीलाच ठरलंय. तिने भिंतीवरचं नवं कालनिर्णय काढून आणलं आणि मार्चच्या पानावर ३१ तारखेभोवती लाल पेनाने गोल केला. धुकं, संप, विमान रद्द होणं, यातलं काहीही होऊ शकतं म्हणून परतीचं तिकीट आम्ही २६ मार्चचं काढलं.